दत्तक खड्डा आणि फजीत काका

पत्र असं आहे :

‘ताई, नमस्कार. वय ६४, सरकारी नोकरीतून निवृत्त, मुक्काम सांगली. गेल्या महिन्यात फोनवर एक लेख आला. शहराचं नाव नव्हतं, नुसतं ‘महापालिका’ होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला क्रमांक मिळणार, नागरिकांना खड्डा दत्तक घेता येणार, वर्षाला ५०० रुपये शुल्क, आणि दत्तक घेणाऱ्याचं नाव खड्ड्याकाठी पाटीवर लागणार, असं त्यात होतं. माझं डोकंच फिरलं. लेख चार ग्रुपांवर टाकला, वर दीड पान निषेध लिहिला, आयुक्तांना द्यायचं पत्रही तयार केलं. संध्याकाळी पुतण्याने हसून लोळणारी चित्रं पाठवली. सूनबाई म्हणाली, ‘बाबा, ते उपरोधिक होतं हो.’ तेव्हापासून घरात येणारा जाणारा विचारतो, खड्डा कसा आहे? मला विचारायचंय ते असं. उपरोध ओळखायचा कसा? दुसरं, असं धडधडीत खोटं छापून लोकांना फसवणं योग्य आहे का? आणि तिसरं जरा लाजत विचारतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वार्षिक अंक निघतोय. आमच्या इमारतीची लिफ्ट चार महिने बंद आहे. त्यावर असंच तिरकस काही लिहावं म्हणतो. जमेल का? – फजीत काका’

काका, (सहीच तशी केलीत म्हणून काका म्हणते, नाहीतर वयाने आपण एकाच बाकावरचे.)

आधी एक हकिगत ऐका. २०१२च्या नोव्हेंबरात ‘द अनियन’ या अमेरिकेतल्या, खोट्या बातम्या रचून चिमटे काढणाऱ्या पत्राने जाहीर केलं की यंदाचा जगातला सर्वांत मोहक पुरुष म्हणजे उत्तर कोरियाचे किम जाँग उन. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र ‘पीपल्स डेली’. त्यांच्या संकेतस्थळाने ही बातमी खरी मानून उचलली आणि सोबत या मोहक पुरुषाची ५५ छायाचित्रं लावली. तिथे बातमी तपासायला पगारी माणसं होती. तुम्ही एकटे होतात आणि बहुधा चष्माही कपाळावर होता. तेव्हा पुतण्याला पुढच्या वेळी हे सांगा आणि चहा मागवा.

आता तुमचं चुकलं कुठे ते बघू. खड्ड्यांबद्दल चीड आली, ती बरोबरच आली. लेखकाला तीच हवी होती. लेखकाचा निशाणा लागला, तुम्हालाही लागला. घोटाळा एवढाच झाला की लेखात जो माणूस बोलतोय तोच लेखक, असं तुम्ही धरून चाललात. दत्तक योजनेचं कौतुक करणारा तो जो कोणी अधिकारी होता, त्याला लेखकाने उभा केला होता. सोंग होतं ते. आणि सोंग ओळखायला तुम्हाला मी शिकवायचं म्हणजे कमाल झाली. भारुडं ऐकत मोठे झालेले तुम्ही!

नाथांचा रोडगा आठवा. ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला.’ बाई देवीपुढे उभी आहे आणि मागते काय? सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाचते, तिला निर्दाळ. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी तर दादल्यासकट सगळ्यांची पाठवणी करून ‘एकटीच राहू दे मला’. एवढं सगळं एका रोडग्याच्या बोलीवर! शेणीच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा, त्यात अख्खं सासर साफ. चारशेहून जास्त वर्षं हे भारूड गावोगाव उभं राहतंय आणि एकनाथ महाराज सासू मारायला सांगतात म्हणून कोणी पोलिसात गेलेलं नाही. का? कारण पदर घेतलेला तो बाप्या सगळ्यांना दिसत असतो. बोलते ती बाई, लिहिणारे नाथ, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळतं. तिथून पुढे दोन अर्थ निघतात. कीर्तनकार सांगतात की हे सासर म्हणजे मनातले विकार आणि मायेचे पाश. आणि कीर्तनकाराने न सांगताही आपल्याला दिसतं की देवाशी घासाघीस करणाऱ्या नवसाची ही टर आहे. हसता हसता बायका एकमेकींकडे बघतात तेव्हा तिसराही अर्थ निघत असावा, पण तो त्या आपल्याला सांगत नाहीत.

छापील लेखात तो पदर दिसत नाही. आवाजही ऐकू येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात आवाजाच्या या वळणाला ‘काकु’ असा सुरेख शब्द आहे. ‘वा, काय अक्षर आहे!’ हे मास्तर कोणत्या सुरात म्हणाले त्यावर पोराने वही पुढे करायची की हात, ते ठरतं. कागदावर काकु उमटत नाही आणि फोनवर आलेल्या लेखाला तर मागचापुढचा संदर्भही उरत नाही. मूळ पानावर सदराचं नाव असतं, लेखकाचं नाव असतं, कोपऱ्यात एखादं व्यंगचित्र असतं. पहिला पाठवणारा यातलं सगळं गाळून नुसता मजकूर चिकटवतो. सोंगाचे कपडे काढून माणूस तुमच्या दारात उभा केला, तर तुम्ही त्याला खराच पाहुणा समजणार.

म्हणून उपरोध ओळखायचा तो मजकुराच्या आतून. त्याची सगळ्यात चांगली शाळा मला विचाराल तर १७२९ साली डब्लिनमध्ये निघालेली एक पुस्तिका आहे. जोनाथन स्विफ्ट हे ‘गलिव्हर’चे लेखक, तिथल्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन, म्हणजे वजनदार धर्मगुरू. आयर्लंडमध्ये तेव्हा भयानक दारिद्र्य होतं. जमिनी इंग्रज जमीनदारांच्या, त्यातले कित्येक राहायला लंडनला, खंड, म्हणजे कुळांकडून घ्यायचं जमिनीचं भाडं, मात्र आयर्लंडमधून वसूल. स्विफ्ट यावर वर्षानुवर्षं सरळ भाषेत लिहीत होते, उपाय सुचवत होते, कोणी ढुंकून बघत नव्हतं. मग त्यांनी नाव न घालता ‘एक विनम्र प्रस्ताव’ मांडला : गरिबांची वर्षाची झालेली मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत.

तुमचे डोळे मोठे झाले असतील. पण मजा (हा शब्द वापरताना जीभ अडखळते) ती कल्पनेत नाही, सांगण्याच्या पद्धतीत आहे. बोलणारा माणूस राक्षस नाही. अतिशय सभ्य, कळवळ्याचा, आकडेमोड पक्की असलेला गृहस्थ आहे. गरिबांना वर्षाला १,२०,००० मुलं होतात, त्यातली २०,००० वाढीसाठी राखून ठेवावीत, उरलेली १,००,००० विक्रीला. जन्मतः मुलाचं वजन सरासरी १२ पौंड, वर्षभर बरं पोसलं तर २८. पोसायचा खर्च २ शिलिंग, भाव १० शिलिंग, आईला निव्वळ नफा ८ शिलिंग. तुम्ही सरकारी टिपणं लिहिली आहेत काका, तुम्हाला हा सूर ओळखू येईल. एकही शिवी नाही, एकही उद्गारचिन्ह लागत नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या थंडपणामुळे. माणसाकडे नुसता आकडा म्हणून बघायची सवय लागली की हिशोब कुठवर जातो, ते स्विफ्ट शेवटच्या पायरीपर्यंत चालून दाखवतात.

आता सोंगाचा पदर कुठे सरकतो ते बघा. एके ठिकाणी तो गृहस्थ सहज म्हणून जातो की हे अन्न महाग पडेल, म्हणून जमीनदारांनाच ते शोभेल, कारण आईबापांना तर त्यांनी आधीच खाल्लेलं आहे, तेव्हा मुलांवर पहिला हक्क त्यांचाच. या एका वाक्यात बोलणारा क्षणभर गप्प होतो आणि स्विफ्ट बोलून जातात. आणि दुसरी जागा याहून महत्त्वाची. शेवटाकडे तो वैतागून म्हणतो, मला दुसरे उपाय सांगू नका. परदेशात बसून खंड खाणाऱ्यांवर कर बसवा, देशात तयार झालेलंच कापड आणि सामान वापरा, कुळांवर थोडी तरी दया करा, हे असलं काही माझ्यापुढे बोलू नका! ही यादी म्हणजे स्विफ्टने इतकी वर्षं तळमळून मांडलेले खरे उपाय. उपरोधिक लेखात सत्य बरेचदा असं फेटाळलेल्या कागदांत सापडतं.

हे डोक्यात ठेवून तुमचा खड्ड्याचा लेख पुन्हा काढा. तुम्ही सोबत पाठवलाय, मी वाचला. तिसऱ्या परिच्छेदात ओळ आहे : ‘रस्ते दुरुस्त करण्याचा पर्यायही समितीसमोर आला होता, परंतु त्यामुळे दत्तक पालकांच्या भावना दुखावतील, म्हणून तो वगळण्यात आला.’ सापडला की नाही पदर? पहिल्या दोन परिच्छेदांनीच तुमचा पारा इतका चढला होता की या ओळीपर्यंत तुम्ही पोहोचलाच नाहीत, असा माझा अंदाज. संतापात माणूस शीर्षक वाचतो आणि मग स्वतःचंच मन वाचत बसतो. मीही तेच करते.

एक खूण सांगायची तर ही सांगेन. बातमी वाचून रक्त उसळलं की विचारायचं, हे बोलणारा माणूस स्वतःच स्वतःचं पितळ उघडं पाडतोय का? खरा लबाड अधिकारी आपली योजना गुळगुळीत करून मांडतो. उपरोधातला अधिकारी ती इतक्या अभिमानाने मांडतो की सगळं उघड होतं.

बाकी युक्त्यांची नावं तुम्हाला घरातच माहीत आहेत, फक्त त्यांना कोणी युक्त्या म्हणत नाही. लेकी बोले सुने लागे, ही एक. स्विफ्ट बोलतात गरिबांच्या मुलांबद्दल, लागतं जमीनदाराला. शालजोडीतले, ही दुसरी. अलंकारशास्त्रात तिला व्याजस्तुती म्हणतात, वरून स्तुती आतून निंदा. राईचा पर्वत, म्हणजे अतिशयोक्ती, पण राई खरी असावी लागते. मग थाटाची युक्ती : क्षुल्लक गोष्टीला भव्य भाषा. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ नावाने लिहिलेल्या एका लेखाचं शीर्षकच ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’. मोहीम! वधुपित्याची वणवण एका शब्दात घोड्यावर बसली की नाही? विडंबनाचं तंत्र जरा वेगळं, तिथे मूळ चाल ठाऊक असावी लागते. ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’चं विडंबन केलं, त्यात कवींचा आव उघडा पडतो; पण मूळ कविता माहीत नसलेल्या माझ्या नातीला ते नुसतं यमक वाटलं. तिला कमी कळतं असं नाही, तिच्याकडे चाल नव्हती.

आणि तुकोबांची युक्ती तर सगळ्यांत झटपट. ‘नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥’ समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, त्याचं बोट धरून त्याच वाटेने चार पावलं पुढे जायचं आणि खड्ड्यापाशी (माफ करा) सोडून द्यायचं. ओळ संपली, वाद संपला.

दुसरा प्रश्न तुम्ही रागाने विचारलाय, आणि तो राग मला पूर्ण गैर वाटत नाही. खोटं आणि उपरोध यांत फरक आहे. खोटं बोलणाऱ्याला तुम्ही कधीच सावध होऊ नये असं वाटतं. उपरोध लिहिणारा तुम्ही कधी सावध होता याची वाटच बघत असतो. तुम्ही शेवटपर्यंत फसलेलेच राहिलात तर त्याचा लेख वाया गेला. पण कधी कधी चूक लेखकाचीही असते. सोंग इतकं हुबेहूब वठवायचं की मूळ माणसालाही फरक कळू नये, यात कसब आहे आणि धोकाही आहे.

डॅनियल डीफो, पुढे ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा, याने १७०२ साली हा धोका पत्करला. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून वेगळे राहणारे जे पंथ होते, त्यांचा डीफो स्वतः अनुयायी. त्याने नाव न घालता कडव्या चर्चवाल्याच्या सुरात पुस्तिका लिहिली की या लोकांना दंड कसले करता, प्रवचनकारांना फाशी द्या आणि बाकीच्यांना देशाबाहेर घालवा. कडव्यांचं बोलणं त्यांच्याच तोंडून ऐकवलं की ते शरमतील, असा हिशोब. झालं उलटंच. काही कडव्यांना पुस्तिका मनापासून आवडली. ज्यांच्या बाजूने लिहिलं ते मात्र घाबरून गेले. आणि लेखक कोण हे फुटल्यावर दोन्हीकडचे चिडले. संसदेच्या हुकमाने पुस्तिका जाळण्यात आली. डीफोला तुरुंगात टाकलं आणि १७०३च्या जुलैत तीन दिवस भर चौकात मान आणि हात फळीत अडकवून उभं केलं. लोकांनी त्याच्यावर अंडी नाही, फुलं टाकली, असं सांगतात. खरं असेल तर गर्दीला विद्वानांपेक्षा उपरोध चांगला कळला म्हणायचा.

स्विफ्टची कल्पना इतकी टोकाची की सोंग ओळखू यावं. डीफोची कल्पना, दुर्दैवाने, त्या काळच्या कित्येकांच्या मनात होतीच. आणि तुमचा खड्डा या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. आपल्याकडे खड्ड्यात झाडं लावून निषेध होतात, खड्ड्यांचे वाढदिवस साजरे होतात. मग दत्तक योजना खरी वाटली तर नुसत्या तुम्हालाच का हसायचं? वास्तवच इतकं वाकडं झालंय की लेखकाला आणखी वाकवायला जागा उरत नाही. तुमच्या फजितीत महापालिकांचाही वाटा आहे, एवढं सूनबाईंच्या कानावर घाला.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याहून कडक आहे. एखाद्याच्या रंगावर, बोलीवर, जातीवर, गरिबीवर लिहायचं आणि कोणी दुखावलं की ‘अहो, उपरोध होता, तुम्हाला कळला नाही’ म्हणून हात झटकायचे, ही चाल हल्ली फार बोकाळली आहे. असल्या मजकुरात सोंग नसतं. बोलणारा आणि लिहिणारा एकच असतो, त्याने फक्त पळायची वाट ठेवलेली असते. गडकरी माझे लाडके, पण ‘ठकीचं लग्न’ वाचताना बिचाऱ्या ठकीच्या रूपावरच्या कोट्या आल्या की आज मी पान उलटते. तोच लेख लग्नाच्या बाजारावर बोलायला लागला की परत मागे येते.

आता लिफ्ट. जमेल का म्हणून काय विचारता? तुमच्यापाशी जे भांडवल आहे ते आजच्या पोरांकडे नाही : तीस-पस्तीस वर्षांचं सरकारी मराठी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने लेखणीच्या जोरावर लुबाडणाऱ्या कारकुनांची ‘नर्ममाला’त अशी काही खिल्ली उडवली आहे की वाचताना वाटतं, हा माणूस कचेरीत बसून आलाय. तुम्ही तर खरोखरच बसून आलात.

सेक्रेटरींचं नाव घेऊन झोडपू नका. तो तक्रार अर्ज होईल आणि तसे तुम्ही आधीच चार दिले असतील. बंद लिफ्टचा ज्याला मनापासून अभिमान आहे असा माणूस उभा करा आणि त्याला बोलू द्या. मी आपलं कच्चं लिहून बघितलं :

‘सभासदांना कळविण्यास आनंद होतो की, लिफ्ट बंद ठेवण्याच्या आपल्या आरोग्य योजनेस १२० दिवस पूर्ण झाले. या काळात चौथ्या मजल्यावरील आजींनी एकदाही इमारतीबाहेर पाऊल टाकलेले नाही, त्यामुळे जिन्याची झीज लक्षणीयरीत्या घटली आहे. लिफ्ट दुरुस्त करावी अशी एक सूचना प्राप्त झाली होती. ती योजनेच्या मूळ उद्देशाशी विसंगत असल्याने दप्तरी दाखल करण्यात आली.’

खोटं फक्त एकच : आरोग्य योजना. बाकी सगळं खरं ठेवा. दिवस मोजून घाला, मजला खरा घाला, आजींना विचारून घाला. तपशील जितका खरा तितकं ते एक खोटं झळकतं. दोन-तीन खोट्या गोष्टी घुसवल्यात की वाचणारा गोंधळतो आणि मग नुसतीच धमाल उरते. ‘अरेरे’, ‘वा रे वा’ असले शब्द काढून टाका. तुमच्या माणसाला आपण काही चुकीचं बोलतोय याचा पत्ताच नाही, तो कशाला अरेरे म्हणेल? हसणारी चित्रं घालू नका. एका पानाच्या आत थांबा, कारण सोंग लांबलं की प्रेक्षकाला पदराखालच्या मिशा दिसू लागतात आणि तो फक्त मिशाच बघत बसतो. अंकात वर ‘तिरकस’ असा एखादा मथळा द्यायला संपादकांना जरूर सांगा, आणि लेखाच्या शेवटी तुमचं खरं नाव घाला. ग्रुपवर टाकायचं झालं तर पानाचा फोटोच टाका. नुसता मजकूर चिकटवलात तर महिनाभरात कोणीतरी इचलकरंजीचा काका तुमच्या सेक्रेटरीविरुद्ध निषेध लिहून मोकळा होईल.

लिहून झालं की आधी सूनबाईंना वाचून दाखवा. सपाट आवाजात, जणू नोटीस वाचताय. पहिल्या तीन ओळींत तिच्या ओठाचा कोपरा हलला तर जमलं. तिने मधेच ‘म्हणजे लिफ्ट मुद्दाम बंद ठेवलीये की काय?’ असं विचारलं, तर पुन्हा लिहा, पण त्याआधी तिला खड्डा कसा आहे ते अवश्य विचारा.

राहता राहिलं आयुक्तांचं पत्र. ते फाडलं नसेल तर फाडू नका. मधला दत्तक शुल्काचा परिच्छेद तेवढा काढा. खड्डा नेमका कुठे आहे, कधीपासून आहे, पावसात तिथे कोण पडलं, हे तुम्ही त्या पत्रात फार चांगलं लिहिलंय आणि त्यातलं काहीच उपरोधिक नाही. दोन प्रती काढा, स्वतः जाऊन द्या, आणि आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.